पत आणि प्रतिष्ठा : व्यापारातील चढउतार पेलणारे गुण

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त व्यापारी-उद्योजक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यवसायातील चढउतारांत उद्योजकाला कोणते गुण तारून नेतात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. या विषयावर व्यासपीठावरून जी नावे घेतली जातात, ती सर्वांच्या परिचयाची आहेत. जिद्द, चिकाटी, सचोटी, धाडस, दूरदृष्टी. यांपैकी एकही नाव चुकीचे नाही. तथापि एका अवघड प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही. ज्यांच्या पेढ्या बसल्या, ज्यांच्या दुकानांवरील पाट्या उतरल्या, ते सारे आळशी आणि अप्रामाणिक होते काय? मुळीच नाही. सकाळी सर्वांच्या आधी कुलूप काढणारे आणि रात्री सर्वांच्या नंतर गल्ला मोजणारे व्यापारीही बुडालेले या गावाने पाहिले आहेत. जिद्द त्यांच्यापाशीही होती. किंबहुना काहींना तर त्या जिद्दीनेच बुडविले, कारण ज्या मालातून हात काढून घ्यायला हवा होता, त्याच मालात त्यांनी पुन्हा पुन्हा पैसा घातला.

मग तरणारा आणि बुडणारा यांच्यात भेद कोणता? तो भेद बहुधा एका लहानशा गोष्टीत असतो. झालेला तोटा वेळेवर पाहणे आणि तो ज्यांना सांगायला हवा त्यांना सांगणे. ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते. करायला तिच्याइतकी कठीण गोष्ट व्यापारात दुसरी नाही. कारण व्यापाऱ्याजवळ दोन वस्तू असतात, एक पत आणि दुसरी प्रतिष्ठा. देणे दिलेल्या दिवशी चुकते होते, ही पत. लोक आपल्याला मोठे समजतात, ही प्रतिष्ठा. चांगल्या दिवसांत या दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून त्या एकच आहेत असा भ्रम होतो. वाईट दिवस आले की त्यांची ताटातूट होते आणि दोहोंपैकी एकच वाचविता येते.

या संदर्भात सोलापूरच्या वालचंद हिराचंद दोशी यांचे चरित्र विस्ताराने पाहण्याजोगे आहे. आपल्याच समाजातील हा पुरुष २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मला. घरचा व्यवहार सावकारीचा आणि कापसाचा. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सुटले. घरच्या धंद्यात मन रमेना. रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीत उतरलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा मातीकामापासून आरंभ केला. गर्भश्रीमंताच्या मुलाने मजुरांच्या पाट्या मोजत उन्हात उभे राहावे, हे त्या काळी प्रतिष्ठेचे खासच नव्हते.

वालचंदांचे नाव घेतले की जहाजे, विमाने आणि मोटारी आठवतात. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील अधिक शिकण्याजोगा भाग म्हणजे त्यांच्या हातून निसटलेल्या गोष्टी. १९१९ साली नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ नावाची जुनी बोट विकत घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. व्याख्यानांतून ही कथा येथेच थांबते आणि टाळ्या पडतात. पुढची हकिकत फारशी कोणी सांगत नाही. ती बोट व्यवहारात उतरली नाही. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांच्या मक्त्यापुढे युरोपच्या मार्गावर माल आणि उतारू मिळविणे दुष्कर ठरले आणि काही वर्षांतच ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली.

ज्या बोटीच्या नावाने साऱ्या देशात जयजयकार झाला, ती बोट चालत नाही हे कबूल करणे किती जड गेले असेल! लोक हसतील, इंग्रज हसतील, भागधारक जाब विचारतील. तरीही कंपनीने युरोपचा हट्ट सोडला आणि ब्रह्मदेशाच्या तांदळाच्या व लाकडाच्या वाहतुकीकडे, किनारपट्टीच्या व्यापाराकडे मोर्चा वळविला. तेथेही सुख नव्हतेच. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने नोराचे दर पाडून नव्या कंपनीचा श्वास कोंडला. कंपनी विकून टाका असा प्रस्तावही आला. तो नाकारला गेला, परंतु १९२३ मध्ये दहा वर्षांचा एक करार मात्र पत्करावा लागला. किती क्षमतेची जहाजे बाळगावीत, कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, यांवर त्याने मर्यादा घातल्या. स्वदेशीचा बाणा मिरविणाऱ्यांना हा करार मानहानीचा वाटला आणि वालचंदांनाही तो बोचत राहिला. पण हिशेब असा की, त्यापूर्वी निघालेल्या किती तरी भारतीय जहाज कंपन्या दरयुद्धात नामशेष झाल्या होत्या. चिदंबरम पिल्ले यांच्या तुतिकोरिनच्या स्वदेशी कंपनीचा इतिहास प्रसिद्धच आहे. सिंदिया मात्र जिवंत राहिली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचे अपघाती निधन झाल्यावर वालचंद तिचे अध्यक्ष झाले आणि पुढे दोन दशके त्यांनी तीच कंपनी वाढविली. प्रतिष्ठेला ओरखडा आला, पत टिकली.

विमानांचा कारखाना हा याहूनही कठोर प्रसंग. १९३९ मध्ये मोटारींच्या कारखान्याची खटपट करण्यासाठी अमेरिकेला गेलेल्या वालचंदांची प्रवासात विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. मोटारीचा विचार करीत निघालेला मनुष्य विमानाचा बेत घेऊन परतला. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. दोन वर्षेही लोटली नाहीत तोच, १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि संस्थापक कारखान्याबाहेर गेले. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला ज्या एचएएलचा कारखाना आहे, तिचे मूळ हे.

विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याचेही तसेच. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि एप्रिल १९४२ मध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. काम विस्कळित झाले. तरी १९४८ मध्ये ‘जलउषा’ हे तेथे बांधलेले जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. पुढे १९५२ मध्ये हाही कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. मोटारींचा कारखाना १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या नावाने निघाला. स्वातंत्र्याच्या वर्षी तेथून पहिल्या मोटारी बाहेर पडल्या आणि त्याच कारखान्याची ‘पद्मिनी’ मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत रस्त्यावर दिसत होती. वालचंदांना ते पाहायला मिळाले नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, पुढल्या वर्षी ते कामकाजातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

एवढे हातचे गेल्यावरही हा मनुष्य कडवट होऊन घरी बसला नाही. जे गेले त्याची किंमत वसूल करावी, ती दुसऱ्या कामास लावावी आणि गेलेल्या दाराशी उभे राहू नये, ही त्यांची रीत दिसते. विमान गेले तेव्हा मोटार हाती होती. मोटारीस परवानगी मिळेना तेव्हा कळंबची ऊसशेती आणि साखर कारखाना होता, ज्याचे आज वालचंदनगर झाले आहे.

अर्थात वालचंदांचे सारेच अनुकरणीय होते असे मानण्याचे कारण नाही. मोटार, विमान आणि जहाज हे तीन अवाढव्य उद्योग त्यांनी दोन-तीन वर्षांत एकदम अंगावर घेतले. त्यांच्यामागे सिंदियाची ताकद, बंधू लालचंद व गुलाबचंद यांची साथ आणि संस्थानिकांचा पैसा होता. दोन खणांच्या दुकानातला व्यापारी त्यांचे चरित्र वाचून एकाच वर्षी तीन शाखा उघडू लागला, तर तो वालचंद होत नाही, थकबाकीदार होतो. थोरांच्या चरित्रातील धाडस तेवढे उचलावे आणि त्यांच्या पाठीशी असलेले भांडवल विसरावे, हा अपघात नेहमी घडतो.

दुसरे उदाहरण आपल्या नगरचेच आहे. अहिल्यानगर हे नाव जिल्ह्याला २०२४ मध्ये मिळाले, पण बोलण्यात अजून ‘नगर’च येते. मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद १९४६ ते १९५२ या काळात भूषविणारे कुंदनमलजी फिरोदिया नगरचे नामांकित वकील. त्यांचे चिरंजीव नवलमलजी यांचा जन्म १९१० चा. कायद्याचे शिक्षण, स्वातंत्र्यलढ्यातील कारावास, घरातही वकिलीची परंपरा. अशा तरुणाने वकिली करून सुखाने राहावे, हीच समाजाची अपेक्षा असणार. त्यांनी मात्र वाहनांचा उद्योग धरला. माणसाने माणसाला ओढण्याच्या रिक्षेऐवजी यंत्रावर चालणारी तीनचाकी हवी, हा विचार त्यांनी मुंबई राज्याचे तत्कालीन मंत्री मोरारजी देसाई यांच्यापर्यंत नेला. आपल्याकडे ऑटोरिक्षा रूढ होण्यात त्यांचा वाटा सर्वमान्य आहे. १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो निघाली. त्या कंपनीचे नाव आपल्या भाषेत इतके मुरले की आज कोणत्याही कारखान्याची लहान मालमोटार असो, कापड बाजारात गाठी उतरविणारा हमाल तिला ‘टेम्पो’च म्हणतो.

बजाज आणि फिरोदिया यांची भागीदारी पुढे मतभेदांमुळे दुभंगली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, हे जगजाहीर आहे. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, याची चर्चा येथे नको. लक्षात घेण्याजोगे एवढेच की, वाटे वेगळे झाल्यावरही दोन्ही बाजूंचे उद्योग उभे राहिले. नवलमलजींचे बंधू हस्तीमलजी यांच्या पुढाकाराने कायनेटिक उभी राहिली. तिची ‘लुना’ १९७२ मध्ये आली आणि नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्याने या गावातील कित्येक घरांच्या चुली पेटविल्या. प्राथमिक शिक्षक, दूधवाले, विमा एजंट, आपल्या दुकानांतील दिवाणजी, सर्वांची ती पहिली स्वयंचलित दुचाकी. त्यानंतर १९८४ मध्ये जपानच्या होंडाशी भागीदारी झाली आणि १९९८ मध्ये ती संपली. मोपेडचे दिवस सरले. २००८ मध्ये दुचाकींचा व्यवसाय महिंद्रकडे गेला. ज्या वस्तूने घराला नाव दिले, तीच वस्तू सोडावी लागणे ही साधी गोष्ट नव्हे. नगरचा कारखाना वाहनांचे सुटे भाग करीत राहिला आणि २०२४ मध्ये लुना विजेवर चालणारी होऊन पुन्हा बाजारात आली. ती किती चालेल हे काळ ठरवील.

ही झाली मोठ्यांची उदाहरणे. आता कापड बाजाराकडे वळू, कारण सभागृहातील निम्मी मंडळी तेथूनच उठून आलेली आहेत. या बाजाराने काय पाहिले नाही? १९७२-७३ च्या दुष्काळात खेड्यांवरची उधारी बुडाली. ज्या शेतकऱ्याने दिवाळीला लुगडी नेली, तो उन्हाळ्यात खडी फोडण्याच्या कामावर होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणीच्या कापडावर ज्यांची दुकाने चालत, त्यांना तागे मिळेनात. गिऱ्हाइकाने भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागाचे कापड स्वीकारले आणि गिरण्यांचा जुना दबदबा परत आला नाही. धोतर गेले, नऊवारी लुगडे गेले, शिंप्याकडे कापड टाकण्याची पद्धत आटत गेली आणि तयार कपडे आले. २०१६ च्या नोव्हेंबरात ऐन लग्नसराईत नोटा बंद झाल्या. २०१७ मध्ये कापडावर जीएसटी आला आणि ज्या धंद्याला विक्रीकराची सवय नव्हती, त्याला दरमहा विवरणपत्रे भरावी लागली. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. लग्नांसाठी भरलेला माल कपाटांत तसाच राहिला.

या प्रत्येक वळणावर दोन प्रकारचे व्यापारी दिसले. एकाने लुगड्यांचे गठ्ठे दोन वर्षे सांभाळले, ‘पुन्हा चालतील’ म्हणून. दुसऱ्याने पहिल्याच हंगामात खरेदीच्या खाली भावात ते काढून टाकले, शेजाऱ्यांचे टोमणे ऐकले आणि आलेल्या पैशात मुलांचे तयार कपडे भरले. कपाटातला मेलेला माल वहीत जिवंत दाखविला की दिवाळीची शिल्लक गोड दिसते. लक्ष्मीपूजनाला ज्या वहीवर कुंकू वाहिले जाते, तीच वही खोटी असावी, यासारखी विसंगती कोणती? दिवसभरातील दोष रोज सायंकाळी आठवण्याची, प्रतिक्रमणाची शिस्त ज्या समाजाला परंपरेने लाभली आहे, त्या समाजात गल्ल्याचे प्रतिक्रमण मात्र वर्षानुवर्षे टाळले जाते.

खरे संकट येथून सुरू होते. तोटा दिसू नये म्हणून उसने घेतले जाते. बँक देत नाही, तेव्हा खाजगीत शेकडा तीन रुपये महिन्याने घेतले जाते. साधा हिशेब पाहा. १० लाखांवर महिन्याचे व्याज ३०,००० रुपये. कापडात निव्वळ शेकडा सहा सुटतात असे धरले, तर केवळ ते व्याज भागविण्यासाठी दरमहा पाच लाखांची जादा विक्री हवी. मंदीत ती कोठून येणार? मग एकाचे देण्यासाठी दुसऱ्याचे घेणे सुरू होते. आणि त्याच वर्षी घरात लग्न निघाले, तर ते पूर्वीच्या थाटातच व्हावे लागते, कारण हात आखडला तर बाजाराला वास येईल ही भीती. प्रतिष्ठा राखण्यासाठी पत गहाण पडते. घरातील लक्ष्मीला यातले काहीच ठाऊक नसते. ती बिचारी दागिन्यांची यादी करीत असते. वस्तुतः आज बहुतेक घरांत सुना पदवीधर आहेत, कित्येक जणी वाणिज्य शाखेच्या आहेत आणि वही वाचण्यात पुरुषांपेक्षा सरस आहेत. त्यांच्यापुढे वही उघडण्याचे धैर्य तेवढे होत नाही. जेव्हा होते, तेव्हा पुष्कळदा फार उशीर झालेला असतो, आणि एखादे घर तर वही न उघडताच कायमचे काळोखात जाते. अशा घरांची नावे येथे कोणी घेणार नाही, पण ती सर्वांना ठाऊक आहेत.

यात दोष त्या व्यापाऱ्याचा एकट्याचा नाही. अडचणीतल्या माणसाशी समाज कसा वागतो, हेही पाहायला हवे. देणे वेळेवर न आल्याची एक कुजबुज झाली की दुसऱ्या दिवशी चार देणेकरी दाराशी उभे राहतात, आडते माल रोखतात आणि मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडते. तोटा सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपविणाऱ्याला मान, असा जेथे व्यवहार असेल, तेथे खरे कोण सांगेल? सिंदियाने युरोपचा मार्ग सोडला तेव्हा तिचे भागधारक तिला सोडून पळाले असते, तर वालचंदही तरले नसते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात न्यासाने एका गोष्टीचा विचार करावा, अशी नम्र सूचना आहे. धर्मशाळा झाली, शिष्यवृत्त्या झाल्या, औषधोपचारासाठी निधी झाला. आता अडचणीतील व्यापाऱ्यासाठी एक सल्ला-केंद्र व्हावे. त्यात निवृत्त झालेले दोन अनुभवी व्यापारी, एक सनदी लेखापाल आणि बँकेतून निवृत्त झालेला एखादा अधिकारी असावा. भगिनीवर्गातील एक तरी सदस्य असावी. त्यांनी पैसे देऊ नयेत, वही पाहावी. कोणता माल आज काढावा, कोणत्या देणेकऱ्याकडे स्वतः होऊन जावे, किती हप्ते मागावेत आणि दुकान ठेवावे की आटोपते घ्यावे, हे स्पष्ट सांगावे. देणेकऱ्यांच्या बैठकीला न्यासाचा एक माणूस सोबत बसला, तरी अर्धे भांडण मिटते. येणाऱ्याचे नाव कोठेही लिहिले जाऊ नये, विश्वस्तांच्या सभेतही ते उच्चारले जाऊ नये.

आणि केंद्राची वेळ रात्री नऊनंतरची, दुकाने बंद झाल्यावरची ठेवावी. भर दिवसा चारचौघांदेखत त्या खोलीचा जिना चढायला कोणीही येणार नाही.